‘वॉकर’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असा आहे का? आमच्या नव्या मॅनेजरचं आडनाव वॉकर आहे.

चालण्याशी संबंध आहे, पण रस्त्यावरच्या नव्हे. वॉकर म्हणजे कापड तुडवणारा. सोनार, सुतार, लोहार यांसारखंच हे धंद्यावरून पडलेलं आडनाव.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं, शिवाय मेंढीच्या अंगच्या तेलाने चिकट. ते हौदात टाकायचं, त्यात पाणी, एक प्रकारची चिकणमाती आणि शिळं मूत्र ओतायचं (हो, घरोघरी जाऊन गोळा केलेलं, शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तेलकटपणा निघतो). मग त्यात उतरून तासन् तास पायांनी तुडवायचं. लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, जाड आणि उबदार होतं. ती माती तुमच्या घरातही असेल: आपली मुलतानी माती त्याच जातीची. इंग्रजीत तिला आजही ‘फुलर्स अर्थ’, म्हणजे फुलरची माती म्हणतात.

आणि हा फुलर म्हणजेसुद्धा वॉकरच! खरी गंमत इथे आहे. एकाच धंद्याला इंग्लंडच्या तीन भागांत तीन नावं होती. यॉर्कशायर, लँकेशायर अशा उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये वॉकर, दक्षिण आणि पूर्वेकडे फुलर, आणि डेव्हन-सॉमरसेटच्या नैर्ऋत्य भागात टकर. डेव्हनमधल्या एक्सिटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघाची ‘टकर्स हॉल’ नावाची १४७१ सालची वास्तू अजून उभी आहे. जुन्या इंग्रजीत वॉकरच्या मूळ क्रियापदाचा अर्थ लोळवणे, उलटंपालटं करणे असा होता. ‘पायी चालणे’ हा अर्थ नंतर रूढ झाला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये या कामासाठीही पाणचक्क्या आल्या. चाक फिरलं की लाकडी हातोडे कापड बडवत, माणसाचे पाय सुटले. ११८५ सालच्या टेम्पलर सरदारांच्या (हा ख्रिस्ती योद्ध्यांचा पंथ) नोंदींत अशा चक्क्या सापडतात. म्हणजे बापाचं आडनाव मुलाला लागण्याची पद्धत तिकडे सर्वसामान्यांत पक्की होईपर्यंत बरेच वॉकर पायाने तुडवतही नसतील, चक्की चालवत असतील. नाव मात्र टिकलं.

‘चालणारा’ हा समज पक्का करण्यात जॉनी वॉकरच्या बाटलीवरच्या टॉप हॅटवाल्या साहेबाचाही हात आहे. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकच्या दुकानदार जॉन वॉकरचं आडनाव धरून चित्रकार टॉम ब्राउनने १९०८ मध्ये तो ढांगा टाकणारा माणूस काढला. त्याच व्हिस्कीवरून आपल्या बद्रुद्दीन काझींचं पडद्यावरचं नाव ‘जॉनी वॉकर’ झालं.

तुमच्या मॅनेजरचे पूर्वज उत्तर इंग्लंडचे किंवा स्कॉटिश असण्याची शक्यता बरी आहे, पण पैज लावू नका. वॉकर आता जगभर पसरलेत. विषय काढलात तर मुताचा भाग अप्रेझल झाल्यावर सांगा.