‘डिस्क खराब झाली’ म्हणण्याआधी

प्रश्न : नव्या लॅपटॉपला यूएसबीची बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह जोडली. डिस्क फिरते, आतले फोल्डरही दिसतात, पण विंडोज १० चित्रपट लावायचं नाव घेत नाही. जुन्या विंडोज ७ वर हीच डिस्क चालायची. (सातारा)

ड्राइव्ह ठणठणीत आहे, ती परत करायला धावू नका. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी दाखवण्याची सोयच विंडोजमधून काढून टाकली. त्यासाठी लागणाऱ्या चित्राच्या एमपेग-२ आणि आवाजाच्या डॉल्बी तंत्राच्या परवान्यांचे पैसे दर संगणकामागे मोजावे लागत, आणि ड्राइव्ह असलेले लॅपटॉप तर कमीच होत चालले होते. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर विकतचं अ‍ॅप आहे, पण त्यावर पैसे घालवू नका. व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप ते बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरून उतरवून घ्या, ते फुकट आहे. मग ‘मीडिया’ मेन्यूतून ‘ओपन डिस्क’ उघडा आणि ‘डिस्क डिव्हाइस’मध्ये तुमच्या ड्राइव्हचंच अक्षर आहे ना, ते पाहा. डिस्क मेन्यूवरच अडकून बसली, तर ‘नो डिस्क मेन्यूज’वर खूण करून पुन्हा लावा. ड्राइव्ह टकटक आवाज करून मध्येच बंद पडत असेल, तर तिला वीज पुरत नाही. मधला यूएसबी हब काढा आणि केबल थेट लॅपटॉपला जोडा.

प्रश्न : आमच्या लग्नाची २००४ सालची डीव्हीडी लॅपटॉपवर लावली, तर माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. सप्तपदीत तर आम्ही दोघंही फाटल्यासारखे दिसतो! टीव्हीवर असं कधी दिसलं नव्हतं. डिस्क गेली का? (डोंबिवली)

डिस्कला काहीही झालेलं नाही. तेव्हाचे लग्नातले कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं टिपण्याऐवजी ५० अर्धी चित्रं टिपायचे. आधी एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत एकूण ५७६ ओळी, म्हणजे एका अर्ध्या चित्रात २८८. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही त्याच क्रमाने ओळी रंगवायचा, त्यामुळे डोळ्याला काही कळायचं नाही. लॅपटॉप मात्र दोन्ही अर्धी एकात एक विणून एकदम दाखवतो. मधल्या एक पन्नासांश सेकंदात नवरीचा हात थोडा पुढे गेलेला असतो. तेच ते दात.

व्हीएलसीत डिस्क चालू असताना कीबोर्डवरचं ‘डी’ दाबून पाहा. दात गेले, तर ‘व्हिडिओ’ मेन्यूत ‘डीइंटरलेस’ला ‘ऑन’ करा आणि त्याखालच्या ‘डीइंटरलेस मोड’मध्ये ‘याडिफ (२एक्स)’ निवडा. हा मोड त्या ५० अर्ध्यांची ५० पूर्ण चित्रं करतो, त्यामुळे हालचाल जुन्या टीव्हीसारखी सलग दिसते. ‘ब्लेंड’च्या वाटेला जाऊ नका. दात जातात खरे, पण सगळं वऱ्हाड धुक्यात उभं असल्यासारखं दिसतं. चित्रपटाच्या डिस्कला सहसा याची गरज नसते, म्हणून सप्तपदी पाहून झाली की पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणा. चेहरे पसरट दिसत असतील, तर ४:३ येईपर्यंत ‘ए’ दाबत राहा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीहून येताना इंग्रजी चित्रपटांच्या डीव्हीडी घेऊन आली. लावल्या की संगणक ‘रीजन बदलायचा का?’ असं विचारतो आणि आणखी चारच वेळा बदलता येईल म्हणतो. हो म्हणू का? (कोल्हापूर)

आत्ता तरी म्हणू नका. चित्रपट कंपन्यांनी जगाचे तुकडे, म्हणजे रीजन, पाडून ठेवलेत: अमेरिका-कॅनडा १, युरोप आणि जपान २, आणि आपण रशिया व बहुतेक आफ्रिकेबरोबर ५. साधारण २००० सालापासूनच्या ड्राइव्ह हा आकडा स्वतःच्या चिपमध्ये लिहून ठेवतात. तो पाच वेळा बदलता येतो, पाचवा आकडा कायमचा. विंडोज पुसून नव्याने टाकलं तरी मोजणी मागे येत नाही. माझी एक ड्राइव्ह भाच्याच्या उत्साहामुळे १ वर अडकली आहे, ती आता फक्त अमेरिकन सिनेमे पाहते!

आधी व्हीएलसीत लावून बघा. ते रीजन विचारत बसत नाही. ड्राइव्हने डिस्कचं कुलूप उघडणारी किल्ली द्यायला नकार दिला, तर व्हीएलसी ती स्वतःच शोधू लागतं. म्हणून सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहिला तर घाबरून बंद करू नका. काही ड्राइव्ह मात्र इतक्या हट्टी असतात की व्हीएलसीचंही ऐकत नाहीत. तसं झालं, तर सरळ दुसरी बाहेरची ड्राइव्ह घ्या, ती १ वर ठेवा आणि पहिली ५ वर राहू द्या. तिकडच्या डिस्क पॅलऐवजी एनटीएससी पद्धतीच्या असतात, ४८० ओळींच्या, पण संगणकाला त्याने फरक पडत नाही.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारी सुरू होताच शेजारी दार ठोठावतात. (पुणे)

५.१, म्हणजे सहा स्पीकरांसाठीच्या आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर, त्यामुळे बाकीच्या गोंगाटात ते दबतात. व्हीएलसीत ‘बी’ दाबून डिस्कवर स्टिरिओ ट्रॅक आहे का बघा, असेल तर तोच ठेवा. नसेल तर कंट्रोल आणि ‘ई’ दाबून ‘ऑडिओ इफेक्ट्स’मधला ‘कंप्रेसर’ चालू करा. तो मोठे आवाज दाबतो. मग ‘मेकअप गेन’ जरासा वाढवलात की बोलणं वर येईल.

प्रश्न : वडिलांकडे मराठी नाटकांच्या जुन्या चकत्या आहेत. त्यांत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डरच सापडत नाही. (नाशिक)

ते फोल्डर डीव्हीडीत असतं, तेव्हा त्या व्हीसीडी असणार. ‘एमपेगएव्ही’ नावाचं फोल्डर शोधा आणि त्यातली मोठी ‘डॅट’ फाइल व्हीएलसीच्या खिडकीत ओढून सोडा. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं, तेव्हा खिडकी लहानच बरी. एका चकतीत सव्वा तासाच्या आसपासच मावतं, म्हणून नाटक दोन-तीन चकत्यांवर पसरलेलं असतं. भर प्रवेशात उठून चकती बदलायची नसेल, तर सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवून प्लेलिस्टमध्ये ओळीने लावा. फक्त उतरवताना प्रत्येक फाइलचं नाव लगेच बदला. प्रत्येक चकतीवर ती फाइल बहुतेक एकाच नावाची असते, आणि घाईत ‘रिप्लेस’ दाबलंत तर दुसरा भाग पहिल्याच्या डोक्यावर बसेल.