जुन्या फोनवर लिनक्स टाकलं, पुढे काय?

पत्र : मुलगा सांगलीत कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांच्या जुन्या पोको एफ१ वर त्याने अँड्रॉइड काढून पोस्टमार्केटओएस नावाचं लिनक्स (ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. तीन दिवस पडदा काळाच होता. आता फोन चालतो, पण कॅमेरा बंद. ह्यांच्या मते ही मोबाईल दुकानातली कामं. यात करिअर आहे का?

उत्तर : ताई, नुसतं ‘टाकण्यात’ नाही. कॉम्प्युटरवरच्या पीएमबूटस्ट्रॅप या प्रोग्रामला फोनचं मॉडेल सांगायचं, तयार झालेली इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची फाइल, फास्टबूट या साधनाने फोनवर चढवायची. सूचना वाचून बरेच जण करतात. मला रस आहे तो त्या तीन दिवसांत.

मुलाने पत्राला स्वतःची दोन पानं जोडली आहेत, ती तुम्ही वाचलीत का? या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे पडदे येतात, तियान्मा आणि ईबीबीजी. आपल्या फोनात कुठला आहे ते आधीच सांगावं लागतं. याने चुकीचा निवडला. पण पडदा काळा म्हणजे फोन मेला, असं त्याने धरलं नाही. फोन यूएसबी वायरने कॉम्प्युटरला लावून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएचने (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा द्यायची सोय) आत शिरला, तर फोन आत मजेत चालू! मग पडद्यावर संशय गेला. एम्बेडेडच्या, म्हणजे यंत्रांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नोकरीत पगार याच शोधाशोधीचा मिळतो.

मी कॉलेजात असताना कॉम्पॅकच्या आयपॅक या हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर फॅमिलियर नावाचं लिनक्स आणि त्यावर जीपीई हा पडद्यावरचा इंटरफेस चढवायचो. २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ एमबी रॅम. एकदा बूटलोडर (यंत्र सुरू करणारा पहिला प्रोग्राम) लिहिला जात असताना वायर हलली आणि मित्राचं यंत्र कायमचं गप्प झालं. (मित्र महिनाभर बोलला नाही.) ते जीपीई जीटीकेवर, म्हणजे पडद्यावरची बटणं-खिडक्या बनवायच्या संचावर, उभं होतं, तुमच्या मुलाच्या फोनवरचा फॉश हा इंटरफेसही जीटीकेवरच आहे. तेव्हाचं शिकलेलं मला पुढे वर्षानुवर्षं पुरलं.

आता त्याने सी भाषा पक्की करावी. डिव्हाइस ट्री, म्हणजे फोनमधल्या भागांची लिनक्सला दिलेली यादी, समजून घ्यावी. पडद्याची निवड तिथेच नोंदलेली असते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेताना ईएनटीसीचाही (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) विचार करा. पदवीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा डिप्लोमा करता येतो. पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डवर काम करणाऱ्यांना लिनक्स आतून ओळखणारी माणसं लागतात.

कॅमेऱ्याच्या मागे मात्र वर्ष घालवू देऊ नका, तो भल्याभल्यांना छळतो. त्यापेक्षा कोडमधली एखादी छोटी दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवून ती स्वीकारली जाईपर्यंत नेटाने मागे लागू दे. मुलाखतीत मी तेच आधी विचारेन.

बाबांचा सध्याचा फोन मात्र या प्रयोगांपासून लांब ठेवा, त्यात यूपीआय आणि ओटीपी आहेत. आणि जुन्या पोकोची बॅटरी फुगली नाही ना, तेवढं आजच बघा.