पेट्रोल गाडी चालली की खाते, इलेक्ट्रिक उभी राहूनही खाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज ऑफिसला जाऊन-येऊन ४० किलोमीटर, वर्षातून दोन-तीन लांबचे प्रवास, दारातली पेट्रोल गाडी सात वर्षांची झाली. आता इलेक्ट्रिक घ्यावी की पुन्हा पेट्रोलच, एकूण खर्चात कोणती परवडेल?

आमच्या घरी दोन्ही आहेत. नवरा जुनी पेट्रोल चालवतो, मी चार वर्षं इलेक्ट्रिक चालवते. नोकरी हिशेबखात्यातली, त्यामुळे दोन्ही गाड्यांची वही ठेवायची खोड लागली आहे. खोडच म्हणायची, कारण घरात ती वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आधी इंधन, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. पेट्रोलचे आणि विजेचे दर सारखे हलतात, म्हणून मी पैशांत हिशेब करणं सोडलं आणि लिटरमध्ये करायला लागले. एक लिटर पेट्रोलच्या पैशात विजेची किती युनिटं येतात, एवढं एकच बघायचं. आमची पेट्रोल गाडी शहरात १५चं अ‍ॅव्हरेज देते. माझ्या गाडीची स्क्रीन म्हणते, युनिटला ६.९ किलोमीटर. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. मी चार्जिंगच्या पॉइंटला वेगळा सबमीटर लावून घेतला, तेव्हा कळलं की खरा आकडा ६ आहे. मधली वीज चार्ज होताना उष्णतेत जाते, थोडी गाडीचे पंप आणि कॉम्प्युटर जागे राहण्यात जाते. बॅटरीत किती पोचली याच्याशी वीज कंपनीला देणंघेणं नाही, मीटरमधून किती गेली त्याचंच बिल येतं.

आता १५ला ६ने भागा. अडीच. म्हणजे एका लिटरच्या पैशात घरची अडीचपेक्षा जास्त युनिटं येत असतील, तर शहरात चालवायला इलेक्ट्रिक स्वस्त. तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वेगळं असेल तर तुमचा आकडा काढा, पण घरच्या विजेवर हा उंबरठा ओलांडणं सहसा अवघड नसतं. कारणही साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण नऊ युनिटांइतकी उष्णता निघते, पण त्यातली जेमतेम पाव चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत. सिग्नलला थांबलेली पेट्रोल गाडी तर फक्त हवाच तापवत असते.

हायवेला मात्र चित्र उलटतं, आणि हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. पेट्रोल गाडीला मोकळा रस्ता आवडतो, आमची १८पर्यंत जाते. इलेक्ट्रिकचा शहरातला फायदा हा की ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते. हायवेला ब्रेकच लागत नाहीत, तर परत काय मिळणार? शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ११०ला माझी गाडी युनिटला ५वर येते, कडक थंडीत हीटर लावला की त्याहून खाली. उंबरठा अडीचवरून ३.६वर गेला. आणि वर फास्ट चार्जरचं युनिट घरच्या दुप्पट-तिप्पट भावाचं.

तुमच्यावर घालून दाखवते. वर्षाला २५० दिवस धरले तर ऑफिसचे १०,००० किलोमीटर, प्रवासाचे ३,००० धरू. समजा एका लिटरच्या पैशात घरची १० युनिटं येतात आणि फास्ट चार्जरवर ४. पेट्रोल गाडीला ऑफिससाठी ६६७ लिटर लागतील, प्रवासासाठी १६७, मिळून ८३४. इलेक्ट्रिकला ऑफिससाठी १,६६७ युनिटं, म्हणजे १६७ लिटरचे पैसे. प्रवासासाठी ६०० युनिटं, पण बाहेरच्या भावाने, म्हणजे १५० लिटरचे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: दहा हजार किलोमीटर ऑफिसचे आणि तीन हजार प्रवासाचे, खर्च जवळजवळ सारखाच. प्रवासात पेट्रोलच्या मानाने वाचले अवघे १७ लिटर. वर्षाची एकूण बचत ५१७ लिटर, आणि ती जवळपास सगळी घरी, रात्री, झोपेत झालेली आहे.

म्हणून घरी किंवा ऑफिसात स्वतःचा प्लग नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. सगळं चार्जिंग बाहेर करायचं असेल तर हिशेब तिथेच ढासळतो. पेट्रोल घ्या, किंवा पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक मोटरची जोड असलेली हायब्रिड बघा.

प्लग आहे असं धरून पुढे जाते. दोन गाड्यांच्या किमतीतला फरकसुद्धा लिटरमध्येच मोजा. समजा सारख्याच आकाराची इलेक्ट्रिक ४,००० लिटरने महाग आहे. वर्षाला ५१७ वाचणार असतील तर फरक भरून निघायला पावणेआठ वर्षं. तुमच्याऐवजी कुणी वर्षाला घरच्या विजेवर २५,००० किलोमीटर चालवत असेल, तर त्याची बचत १,२५० लिटर आणि फरक सव्वातीन वर्षांत वसूल. आणि आठवड्यातून एकदा बाजारापुरती गाडी काढणाऱ्याचे वर्षाला ५,००० होत असतील तर? सोळा वर्षं. तेवढ्यात तो गाडी दोनदा बदलेल.

माझं म्हणणं ते हेच. पेट्रोल गाडीचा खर्च काट्यावरच्या किलोमीटरबरोबर पळतो, इलेक्ट्रिकचा कॅलेंडरबरोबर. महाग किमतीवरचं व्याज, त्या किमतीवर बेतलेला विमा, आणि सगळ्यात मोठा म्हणजे घसारा, म्हणजे दर वर्षी गाडीची उतरत जाणारी किंमत, हे गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी चालूच असतात. त्यामुळे जो कमी चालवतो म्हणून 'आपल्याला छोटी इलेक्ट्रिक पुरे' म्हणतो, नेमकं त्यालाच ती महाग पडते. मीही घेताना असाच विचार करणार होते, वहीने वाचवलं.

घसाऱ्यावर जरा थांबते, कारण लोक त्याला खर्चच मानत नाहीत. खिशातून नोट जात नाही ना! पण पाच वर्षांनी गाडी विकताना तो एकदम समोर उभा राहतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या इंधनापेक्षा तोच मोठा असतो. इलेक्ट्रिकचा घसारा आजवर जास्त वेगाने झाला आहे. एक तर जुनी घेणाऱ्याला बॅटरीची धास्ती असते. दुसरं, नवी गाडीच स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप पडतो. २०२३च्या सुरुवातीला टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती झटक्यात उतरवल्या, तेव्हा आधी घेतलेल्यांच्या गाड्या बसल्या जागी स्वस्त झाल्या. जानेवारी २०२४मध्ये गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झने आपल्या ताफ्यातल्या सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या. अपघातानंतरची दुरुस्ती महाग पडते हे त्यांनी कारण दिलंच, पण त्याच वेळी घसाऱ्याचा मोठा आकडाही ताळेबंदात लिहावा लागला. ज्यांचा धंदाच गाड्या घेण्या-विकण्याचा, त्यांचा अंदाज चुकला, तर तुमचा-माझा काय लागणार?

यावर उपाय दोनच. एक, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची तयारी; शेवटच्या वर्षांत दोन्ही गाड्या कवडीमोल होतात आणि फरक बुजतो. दुसरा मला जास्त आवडतो: तीन वर्षांची सेकंडहँड इलेक्ट्रिक घ्या. सगळ्यात खोल खड्डा पहिल्या मालकाने भरलेला असतो. फक्त सौद्याच्या आधी बॅटरीची तब्येत तपासून घ्या. मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे तो रिपोर्ट सर्व्हिस सेंटरमध्ये काढता येतो.

बॅटरीची भीती, माझ्या मते, अर्धी जुनी झाली आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, आणि त्या मुदतीत क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर जबाबदारी त्यांची. २०१०पासून २०२४पर्यंत बॅटरी पॅकचा प्रतियुनिट भाव जवळपास नव्वद टक्के उतरला आहे, त्यामुळे आजच्या भावाने दहा वर्षांनंतरच्या बॅटरीचा हिशेब करू नये. गाडी निवडताना मात्र बॅटरी लोहाच्या रसायनाची, म्हणजे एलएफपी, आहे की निकेलची, हे विचारा. एलएफपी जड असते, पण चार्जिंगच्या फेऱ्या जास्त सोसते आणि तिला शंभर टक्के भरलेलं चालतं. निकेलवालीला रोज ऐंशीवर थांबवायची सवय लावावी लागते. आणि मोठी बॅटरी 'असू दे' म्हणून घेऊ नका. रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याने वर्षातल्या तीन प्रवासांसाठी दुप्पट बॅटरी विकत घ्यायची आणि तिचं वजन रोज ऑफिसला वाहायचं, हे मला तरी पटत नाही.

मेंटेनन्सचं कौतुक जरा जास्तच होतं. इंजिन ऑइल नाही, त्याचा फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच प्लेट नाही, हे सगळं खरं. पहिल्या तीन सर्व्हिसिंगांना माझं बिल नवऱ्याच्या गाडीच्या निम्म्याहून कमी आलं. ब्रेक पॅड तर मेकॅनिकने काढून दाखवले, नव्यासारखे. उलट डिस्कवर गंज धरला होता, कारण ब्रेक वापरलेच जात नव्हते! पण टायरने सगळी मजा घालवली. नवऱ्याचे ४५,००० किलोमीटर चालले, माझे ३२,०००लाच गुळगुळीत. बॅटरीचं वजन आणि सुरुवातीचा जोर, दोन्ही रबरावरच येतं. शिवाय त्या मोठ्या बॅटरीबरोबर आत एक साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, हे मला एका सकाळी कळलं, गाडी ७० टक्के चार्ज असूनही ती छोटी उतरल्यामुळे दारच उघडेना तेव्हा.

सरकारी सवलती धरायच्या असतील तर खरेदीच्या दिवशी हातात पडणाऱ्याच धरा, पुढच्या नकोत. रस्त्यांचा पैसा बऱ्याच ठिकाणी पेट्रोलवरच्या करातून येतो, तो आटला की दुसरीकडून घ्यावाच लागणार. आइसलँडने जानेवारी २०२४पासून आणि न्यूझीलंडने एप्रिल २०२४पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरप्रमाणे शुल्क लावलंच आहे.

तर तुमच्यापुरतं. सात वर्षांची गाडी धड चालत असेल, मोठं काम निघालं नसेल, तर यंदा काहीच घेऊ नका. तिचा घसारा तुम्ही भरून बसला आहात. आता ती फक्त पेट्रोल मागते आहे. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघेल त्या दिवशी, पार्किंगला स्वतःचा प्लग असेल तर, लहान बॅटरीची, दोन-तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक घ्या आणि ती मोडेपर्यंत चालवा. पाच वर्षांत विकायचं ठरलेलंच असेल तर १३,००० किलोमीटरवर मी पेट्रोललाच मत देईन. रोजचं अंतर ऐंशीवर गेलं तर मत बदलेन.

एक मात्र माझ्यासारखं करू नका. इलेक्ट्रिशियन आधी बोलवा, गाडी नंतर बुक करा. आम्ही गाडी आणली आणि मग कळलं की मीटरपासून पार्किंगपर्यंत ३८ मीटर जाड केबल लागणार. ती टाकली, तर अर्थिंग कच्चं म्हणून चार्जर सुरूच होईना. तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर बाहेरच्या चार्जरवर जाऊन बसत होते. वहीचं पहिलं पान त्या तीन आठवड्यांचं आहे. वरच्या सगळ्या आकड्यांतून मी ते वगळलं आहे.