वाचकांचे प्रश्न : युद्धाची ही रंगीत चित्रं सरकारने काढून घेतली होती का?

प्रश्न : परवा एका म्युझियमच्या वेबसाइटवर १८९४-९५ च्या चीन-जपान युद्धाची जपानी वुडकट (लाकडावर कोरून छापलेली) चित्रं बघितली. बर्फ, रात्र, तोफांचा धूर, नजरच हटेना. पण चिनी सैनिक बघावं तिथे पळतायत नाहीतर मरतायत. हे सगळं सरकारने सांगून काढून घेतलेलं का? आवडली म्हणून आता कसंतरी वाटतंय.

उत्तर : कसंतरी वाटणारच, मलाही वाटतं. सेन्सॉरशिप होती, पण चित्रं काढली बाजाराने. टोकियोचे प्रकाशक पेपरात बातमी आली की लगेच चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचे, मग लाकडावर कोरणारा, मग छापणारा, आणि दुकानाबाहेर बघ्यांची गर्दी. लोक स्वतःचे पैसे टाकून हा प्रचार घरी नेत होते, मला तरी हेच जास्त अस्वस्थ करतं. कुबोता बेइसेनसारखे थोडे चित्रकार युद्ध बघायला कोरियात जाऊन आले, बाकी बहुतेकांनी रणांगण पाहिलंच नव्हतं.

बिगुलवाल्याचंच बघा ना. जुलै १८९४, कोरियातली सोंगह्वानची लढाई, गोळी लागली तरी ओठावरचा बिगुल सोडला नाही असा शिपाई. पेपरांनी नाव दिलं शिराकामी गेन्जिरो, चित्रांवरही तेच छापलं गेलं, आणि नंतर सैन्याने सांगितलं की तो हा नव्हेच, तो किगुची कोहेइ! मग शाळेच्या पुस्तकात किगुची आला.

आता कपडे नीट बघा. जपानी सैनिक काळ्या, पाश्चात्त्य पद्धतीच्या युनिफॉर्ममध्ये, सरळ ओळीत, चेहरे शांत. समोर चिनी मात्र लाल-निळ्या भडक कपड्यांत, वेण्या उडालेल्या, हातपाय वेडेवाकडे. आम्ही आधुनिक, ते मागासलेले, हे अक्षर वाचता न येणाऱ्यालाही कळावं अशी ती मांडणी आहे. नोव्हेंबर १८९४ मध्ये चीनचं पोर्ट आर्थर हे बंदर घेतल्यावर जपानी सैन्याने गावातली माणसं मारली, हे परदेशी बातमीदारांनी लिहिलं, पण विजयाच्या चित्रांत ते सापडत नाही.

तुम्ही पाहिलेली रात्र चित्रकार कोबायाशी कियोचिकाची असू शकेल, अंधार आणि उजेड त्याच्यासारखा फार थोड्यांना जमला. तीन कागद शेजारी लावून एक लांब चित्र, आणि त्यात सर्चलाइटचा एकच पट्टा. १९०४ ला रशियाशी युद्ध झालं तेव्हा फोटो आणि पोस्टकार्डं स्वस्तात मिळायला लागली होती, लाकडी ठशांचा धंदा बसत गेला.