अपग्रेडनंतरचा कचरा काढायचा कसा?

प्रश्न : भाऊ, भुसावळच्या या मे महिन्यात जुना पीसी कूलरसमोर ठेवून फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचं १३ चं १४ केलं, सोर्समधून (म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून), बिल्डवर्ल्डपासून (सिस्टीम कंपाइल करणं) इन्स्टॉलवर्ल्डपर्यंत (ती बसवणं) सगळं नीट झालं. आता जुन्या फाइली काढायची मेक डिलीट-ओल्ड कमांड दिली तर एकेका फाइलला विचारत बसतंय. त्यापेक्षा जुन्या तारखेच्या फाइली सरळ आरएमने (फाइल डिलीट करायची कमांड) उडवू का?

उत्तर : अरे थांब भो, तारखेवर अजिबात जाऊ नको! हेडर फाइलीत (कंपाइल करताना प्रोग्राम जी वाचतो ती) काही बदल नसेल तर इन्स्टॉल करताना तिला हात लागत नाही, तारीख जुनीच राहते, म्हणजे तू चांगली चालू फाइल उडवशील. इन्स्टॉलवर्ल्ड फक्त नवीन आणून ठेवतं, जुनं काढत नाही. काय काढायचं त्याची यादी सोर्समधल्याच ऑब्सोलीट-फाइल्स नावाच्या फाइलीत असते, डेव्हलपर लोक तारीखवार भरत जातात, डिलीट-ओल्ड तीच वाचतं. आधी मेक चेक-ओल्ड देऊन यादी बघून घे, तिथे काहीच उडत नाही. मग प्रत्येक फाइलला वाय दाबायचा कंटाळा असेल तर मेकला डॅश-डी लावून बॅच-डिलीट-ओल्ड-फाइल्स दे, सगळं कॅपिटल, शब्दांमध्ये अंडरस्कोअर. हे आजच कर, कारण पडून राहिलेलं जुनं हेडर पुढे एखादा पोर्ट (सोर्समधून बसवायचं बाहेरचं सॉफ्टवेअर) कंपाइल करताना मध्येच सापडतं आणि मग एरर कशाचा तेच कळत नाही.

लायब्रऱ्यांचं (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलींचं) मात्र वेगळं आहे, त्यांना मेक डिलीट-ओल्ड-लिब्ज अशी वेगळी कमांड आहे आणि तिची घाई नको. १३ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) १.१.१ ची लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १११ ही लायब्ररी होती, १४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि ती ३० झाली. तुझे आधीचे पॅकेजेस अजून १११ च मागतात, ती गेली की प्रोग्राम उघडतानाच शेअर्ड ऑब्जेक्ट नॉट फाउंड. म्हणून आधी पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड डॅश-एफ (पीकेजी म्हणजे पॅकेज बसवायचं टूल) देऊन सगळे पॅकेजेस परत बसव (साधं पीकेजी स्वतःच जुन्या लायब्ररीवर असतं, स्टॅटिकवालं कोणावरच अवलंबून नाही), हाताने कंपाइल केलेलं काही असेल ते परत कंपाइल कर, शंका वाटली तर एलडीडी कमांडने बघ कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी मागतोय. मग लिब्ज काढ, पण काढच, ओपनएसएसएल १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपलाय.

आणि झेडएफएस फाइलसिस्टीमवर असशील तर हे सगळं काढण्याआधी बीईसीटीएल क्रिएट मारून ठेव (आत्ताच्या सिस्टीमची बूट करता येणारी प्रत, म्हणजे बूट एन्व्हायर्नमेंट, बनते), काही बिघडलं तर जुन्या एन्व्हायर्नमेंटमधून बूट करता येतं, परत कूलरसमोर बसायला नको.