इंग्रजीतली हरवलेली सून

इंग्रजीत सुनेला ‘डॉटर-इन-लॉ’ असा जोडशब्दच का, स्वतःचा शब्द कधी नव्हताच का, असं विचारलंय. होता! हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सुनेला ‘स्नोरु’ म्हणत. आणि तो आपल्या ‘सून’चाच भाऊबंद: संस्कृत स्नुषा, प्राकृत सुण्हा, मराठी सून. लॅटिन ‘नुरुस’, ग्रीक ‘नुओस’, रशियन ‘स्नोखा’ हेही त्याच घरातले.

मग ‘स्नुषा’तल्या ‘ष’च्या (मुळात ‘स’च्या) जागी ‘स्नोरु’त ‘र’ कुठून आला? मला हा शब्द आवडतो तो यासाठीच. कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली दाखवलं, की जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, ‘स’च्या आधीच्या स्वरावर मुळात आघात नसेल, तर तो ‘स’ मऊ पडून पुढे ‘र’ होतो. इंग्रजीतलं ‘वॉज’ आणि ‘वेअर’ हे त्याचंच रोजच्या वापरातलं उदाहरण. पण तो जुना आघात जर्मानिक भाषांनी केव्हाच हलवून पहिल्या अक्षरावर नेला होता. तो जपला वेदपाठाने. अथर्ववेदात सूर्यापासून दूर सरकणाऱ्यांना सासऱ्यापुढून बाजूला होणाऱ्या सुनेची उपमा आहे. तिथे ‘स्नुषा’चा उदात्त, म्हणजे त्या जुन्या आघाताची जागा दाखवणारा उंच स्वर, शेवटच्या ‘षा’वर आहे; म्हणजे ‘ष’च्या आधीचा स्वर आघाताविना होता. ‘स्नोरु’तल्या ‘र’चा उलगडा त्या उदात्तात आहे.

‘सून’ म्हणजे ‘सूनु’ची, मुलाची, बायको अशी व्युत्पत्ती बरेचदा ऐकू येते. ती मला पटत नाही. ‘सुण्हा’तला हकार हा ‘स्नुषा’तल्या ‘ष’चा अवशेष आहे, ‘सूनु’त तो कुठून येणार?

सासरची बाकीची माणसंही जुन्या इंग्रजीत होती. सासरा ‘स्वेओर’, सासू ‘स्वेगर’, दीर ‘टाकोर’. अनुक्रमे आपले श्वशुर, श्वश्रू, देवर. मध्ययुगात ही सगळी मागे पडली आणि ‘इन-लॉ’ आलं. त्यातला ‘लॉ’ म्हणजे चर्चचा विवाहविषयक कायदा: लग्नाने जुळलेल्या कोणत्या नात्यांत पुन्हा लग्न करता येत नाही, हे सांगणारा.

जर्मनमध्ये सुनेचा हा जुना शब्द जास्त टिकला. मार्टिन ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेल्या बायबलात नाओमीची सून रूथ ही तिची ‘श्नूर’ आहे. आजचे जर्मन मात्र ‘श्वीगरटॉख्टर’ म्हणतात. त्यातलं ‘टॉख्टर’ म्हणजे मुलगी, आणि ‘श्वीगर’ म्हणजे आपली श्वश्रू, सासू.