“माझ्याच पेशी नालायक का?”

शरीरात ठाण मांडून बसलेला विषाणू घेऊन जगणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा औषधांबद्दल क्वचितच विचारतात. “माझीच प्रतिकारशक्ती कमी पडली,” हे मात्र बहुतेक जण म्हणतात. म्हणून हा अनुभव सांगते.

पस्तिशीचे गृहस्थ, हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृतात ठाण मांडणाऱ्या विषाणूचा आजार. “मॅडम, मित्रालाही हीच कावीळ झाली होती. सहा महिन्यांत बरा झाला. मी निर्व्यसनी, रोज व्यायाम करतो. मग माझ्याच पेशी नालायक का?”

तो ‘नालायक’ माझ्या कानात राहिला. दोन-तीन भेटी ते पेशींबद्दल बोलत होते आणि मला ऐकू येत होतं ते स्वतःबद्दलचं. आजाराइतकाच आपण त्याला लावलेला अर्थ माणसाला पोखरतो, असं मी मानते.

चौथ्या भेटीत विचारलं, “मित्राला लागण कधी झाली?”

“मोठेपणी.”

“आणि तुम्हाला?”

बऱ्याच वेळानं म्हणाले, “आईलाही होती.”

मोठेपणी लागण झालेल्या निरोगी माणसांपैकी सुमारे ९५ टक्के जण या विषाणूला आवरतात. जन्मावेळी लागण झाली, तर जवळजवळ ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. तेव्हा प्रतिकारशक्ती आपलं-परकं शिकतच असते. पुढे वर्षानुवर्षं तोच शत्रू समोर राहिला की टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, थकतात. शास्त्रातही यासाठी ‘थकवा’ हाच शब्द आहे. १९९३ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की विषाणू अफाट वाढला, तर मारक टी-पेशी आधी झुंजतात आणि मग संपतात. थकलेल्या पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक लागलेला असतो. २००६ मध्ये तो सैल केल्यावर उंदरांतल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. पण ज्या उंदरांत या ब्रेकची एक कडी जन्मतःच नव्हती, ते चिवट संसर्गात आपल्याच पेशींच्या हल्ल्यानं मेले.

“म्हणजे माझ्या पेशी पळाल्या नाहीत?”

“लढल्या, दमल्या, थांबल्या. या आजारात यकृताला इजा होते ती मुख्यतः आपल्याच पेशींच्या माऱ्यानं. त्यांच्या थांबण्यात तुमचा बचावही आहे.”

त्यांनी फाईल मिटली. “मग मीही दमलोय असं म्हटलं तर चालेल?” आणि ते रडले. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात मी हे गप्प बसणं शिकले, आणि त्या दिवशी ते उपयोगी पडलं.

तुमचीही हीच चिंता असेल, तर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून मिळेल ते घेऊ नका. त्यातल्या काही गोष्टी यकृतालाच बाधतात. गोळ्या विषाणूची वाढ दाबतात, पण पेशीच्या केंद्रकात त्याचा मूळ आराखडा उरतो. त्यामुळे त्या मनानं बंद करू नका, आजार उसळू शकतो. तपासण्या चुकवू नका. जोडीदाराची तपासणी आणि लस, आईला संसर्ग असेल तर बाळाला २४ तासांच्या आत पहिली लस, एवढं पाहा. एका ताटात जेवल्यानं किंवा मिठी मारल्यानं हा पसरत नाही.

शेवटच्या भेटीला ते पत्नीला घेऊन आले. तिचा लशीचा दुसरा डोस पुढच्या आठवड्यात होता. फाईल आता तिच्या पिशवीत होती.